अकरा गुरुवार

उपास करणाऱ्या पोरीला आमच्या तिसगावात कुणी आजारी म्हणत नाही, गुणाची म्हणतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, मी एकही सोडत नव्हते. वर उपासाची खिचडीसुद्धा गुपचूप म्हशीपुढं टाकायचे. कुणी विचारलंच तर "भूकच नाही" हे ठरलेलं. आई शेजारणींना सांगायची, "आमची बाई लई कडक हाय, नुसत्या पाण्यावर ऱ्हाती." केस मूठमूठ गळाले, तरी कौतुक चालूच. शेवटी नळावर हंडा भरताना कोसळले, तेव्हा कुठं घरच्यांना दवाखाना आठवला.

नगरला बायकांच्या एका उपचार केंद्रात तीन महिने होते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथं उपास नाही. एकही नाही." असा संताप आला! ताट संपेपर्यंत आणि वर तासभर हॉलमध्ये बसायचं, कुणी उठायचं नाही, दारात सिस्टर खुर्ची टाकून बसलेली. माझ्या शेजारच्या खाटेवर अकोल्याकडची एक बाई होती. ती घरी चोरून भरमसाट खायची आणि मग ओकायची. एकदा मी उपास बंद केल्याचं गाऱ्हाणं गात होते, तर म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तू उपाशी ऱ्हायलीस की लोक पाया पडत्यात. मी ओकले की लाथा बसत्यात. रोग एकच."

मी तोंड फिरवून पडले. पण खरं बोलली मेली. त्यानंतर रडत रडत का होईना, अर्ध्या भाकरीवरून दीडवर आले.

घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून दोनदा बजावलं, "हिला उपास म्हणजे विष." आईनं मान डोलावली. एसटीत बसल्यावर तिनं पुडीतली उदी माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "शिर्डीला जाऊन नवस बोलले हुते. लेक बरी हू दे, ती अकरा गुरवार निरंकार धरंल, नुसत्या पाण्यावर."

कपाळ माझं! उपासानं मरणारी पोर वाचली म्हणून तिलाच उपास! पण सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला राग आलाच नाही. आनंद झाला. घरानं, देवानं, सगळ्यांनी मिळून परवानगी दिली होती.

गुरुवारी आईनं सगळ्यांची ताटं वाढली आणि माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. माझा हात तांब्याकडं गेलासुद्धा. मग ती अकोल्याची आठवली.

"आई, मला भाकरी वाढ."

"अगं, बाबाचा नवस हाय!"

"नवस तू बोललीस. तूच फेड."

तिनं वाढली नाही. मी उठून दुरडीतली भाकरी घेतली आणि ठेच्याबरोबर तिच्यादेखत खाल्ली. घास गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ठेच्याचं नव्हतं.

अकरा गुरुवार मग आईनंच धरले, निरंकार. त्या दिवशी ती माझ्याशी बोलायची नाही. शेजारणी म्हणायच्या, "लेकीसाठी किती करती ही माय! आणि लेक बघा, खुशाल गिळती."

अकरावा गुरुवार सरला. शुक्रवारी मी आईचं ताट वाढलं. तिनं ते हलकेच बाजूला सारलं.

"ऱ्हाऊ दे गं. आता भूकच न्हाई लागत."

मी ताट पुन्हा तिच्यापुढं सरकवलं आणि दारात जाऊन बसले, सिस्टर बसायची तशी.