मुलीच्या वतीने भिंतीचे फोटो

दहावीच्या सराव परीक्षा तोंडावर आल्या तेव्हा मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं आणि मुलीचा फोन ताब्यात घेतला. रडारड होणार हे धरून चालले होते. ती रडली नाही. फोन देताना एवढंच म्हणाली, "आई, माझी स्ट्रीक नको तोडू. रोज सकाळी एक फोटो पाठवशील?"

"कसला?"

"कसलाही. भिंतीचा चालते."

मग तिने समजावलं. त्या अ‍ॅपवर दोघींनी रोज एकमेकींना निदान एक फोटो पाठवायचा. नावापुढे ज्योत दिसते आणि शेजारी दिवसांचा आकडा वाढत जातो. एक दिवस हुकला की ज्योत विझते, आकडा पुसला जातो. तिची अशी स्ट्रीक एकाच मुलीशी होती, इतवारीत राहणाऱ्या वर्गमैत्रिणीशी. आठवीपासून एकदाही खंड नव्हता. माझी मुलगी डेंग्यूने दवाखान्यात पडली होती तेव्हाही नाही.

"एवढंच ना? माझ्यावर सोड," मी म्हणाले. दूध, पाण्याची मोटर, सासऱ्यांची गोळी, या माझ्या सकाळच्या यादीत 'भिंत' वाढली. चहा ठेवला की बैठकीतल्या पिस्ता रंगाच्या भिंतीचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. सरळ, उजेडात, हात हलू न देता. पलीकडून कधी चपला यायच्या, कधी भाताचं ताट, कधी नुसतं एक बोट.

अभ्यास वेळापत्रकाप्रमाणे चालला होता, पण मुलगी बोलेनाशी झाली होती. शाळेला अभ्यासाची सुट्टी. कोणी घरी येत नव्हतं, ही कुठे जात नव्हती. सायकलवर चक्कर मारून ये म्हटलं तर मान हलवायची. दिवसभरात तिचे दोनच प्रश्न असायचे.

"पाठवलं?"

"पाठवलं."

"आलं?"

"आलं."

मग ती पानातली पोळी संपवायची. माझं पोर त्या एका 'आलं'वर जेवत होतं आणि मला हे कोणाला सांगताही येत नव्हतं.

एका रविवारी आलं नाही. ज्योतीशेजारी वाळूचं घड्याळ दिसायला लागलं. म्हणजे थोडेच तास उरलेत, असं मुलीने सांगितलं.

"अगं, मग फोन लाव तिला."

"कॉल? आम्ही कधी कॉल नाही केला. नंबरच नाही माझ्याकडे."

"चल तर, तिच्या घरी जाऊन येऊ."

"मी काय करू येऊन? तू जा ना, आई. प्लीज. ती एकच आहे माझी."

हे शेवटचं वाक्य मी आजवर तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी पर्स उचलली. मागे एकदा प्रोजेक्टसाठी तिला सोडायला गेले होते, म्हणून घर माहीत होतं. खाली भांड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. इतवारीच्या तोंडाशी हातगाड्यांत ऑटो अडकला, तो तिथेच सोडून मी जवळजवळ पळत गेले.

दार मैत्रिणीच्या आईने उघडलं. माझ्या येण्याचं कारण ऐकून ती हसायलाच लागली. "एका फोटोसाठी एवढ्या उन्हात आल्या तुम्ही ताई? पोरी तर पागल हायेच, आपण त्याहून पागल! ये वं बाहेर, काकू आल्या."

तिची मुलगी आली. पाया पडली आणि उभी राहिली.

"काकू, मी मुद्दाम नाही पाठवलं."

"काहून बेटा?"

"ती कुठं पाठवून राहिली? तुम्ही पाठवून राहिल्या."

"तुला कसं कळलं?"

"रोज एकाच टायमाला येते. अन् भिंत सरळ. तिचा फोटो कधी सरळ येते का? अर्धा पंखा, अर्धं नाक." ती हसता हसता थांबली. "माझा पण फोन आईनं कपाटात ठेवला. मी रोज भांडून दोन मिनिटं मागते. तुमच्या पोरीनं तर हे तुमच्याकडंच देऊन टाकलं. जसं दुधाचं काम."

तिची आई आता हसत नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "फोन मी घेतला. आज एकदा पाठव बेटा. पेपर होऊ दे. ती जेवणार नाही गं." बोलता बोलता मी त्या पोरीसमोर हात जोडले.

"हात नका ना जोडू, काकू." तिचेही डोळे भरले होते. "तिले म्हणा, तू ये. नाहीतर कॉल कर. काकूंना नको पाठवू."

निघताना मी तिच्या आईचा नंबर तेवढा घेतला.

घरी आले तर माझी मुलगी दारातच उभी होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं. नंबर तिच्या फोनमध्ये घातला आणि फोन तिच्या हातात दिला. "लाव. मी स्वयंपाकघरात जाते."

ती नंबराकडे बघत बसली.

"आई, बोलायचं काय असते?"

"हॅलो म्हण."

"मग?"

मग काय ते मलाही सांगता येईना. घरातल्या प्रत्येक कामाचा क्रम मला पाठ आहे, पण दोन मैत्रिणींनी बोलायला सुरुवात कशी करायची ते मी कुठल्या यादीतून काढणार होते? "मी सोडते तुला तिच्याकडे," म्हटलं. तिने मान हलवली. मग फोन वर धरून तिने फोटो काढला. अर्धा पंखा, अर्धं नाक. तो पाठवला. थोड्या वेळाने पलीकडे पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. दिवेलागणीपर्यंत ज्योत गेली होती.

तिने फोन पालथा घातला आणि भूमितीचं पुस्तक उघडलं. "घेऊन जा आता," म्हणाली. "काही पाठवायचं नाही उद्यापासून."

मी फोन नेला नाही. त्यात तो नंबर आहे. फोन अजून तिच्या टेबलावर, पुस्तकाशेजारी असतो. दुधाचा पेला घेऊन जाते तेव्हा मी दार लगेच लोटत नाही. आत कोणी कोणाशी बोलतंय का, म्हणून आधी बाहेर थांबून ऐकते.