दोन निर्मला आणि एक ॲडमिशन

आमच्या घरातून तिरोड्याच्या कॉलेजात पहिल्यांदा ज्या बाईला प्रवेश मिळाला, ती चौथी नापास आहे. ती माझी मोठी नणंद. अर्ज मात्र माझा होता.

बारावी पास झाले तेव्हा माझं कॉलेज ठरलं होतं. निकालाचे पेढे संपायच्या आत लग्नच ठरलं. सासरी आले तर नणंदेचं नावही निर्मला आणि माझंही निर्मला! सासरे म्हणाले, एका घरात दोन निर्मला म्हणजे नुसता घोळ. मग ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'सुनंदा' असं लिहिलं आणि संध्याकाळी तेच तांदूळ शिजवले. (माझ्या नव्या नावाचा भात मीही खाल्ला. जरा कच्चाच होता.)

कॉलेज अगदी रस्त्यावर. तिरोड्याच्या बाजाराला जाताना मी एसटीत धावतपळत खिडकीची जागा धरायची, कारण तिथून कॉलेजचं फाटक दिसतं. सायकली हातात धरून आत शिरणाऱ्या पोरी दिसायच्या आणि पुढं बराच वेळ मला कोणाशी बोलवत नसे. सासूबाईंना वाटलं, हिला गाडी लागते. त्या दर खेपेला हातात लिंबू द्यायच्या. ते फाटक मी इतकी वर्षं लिंबू हुंगत पाहिलं आहे.

यंदा मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि घर रिकामं झालं. मी जाहीर केलं की आता मी बी.ए. करणार. नवरा भाताच्या रोवणीसाठी पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बांधत होता. तो मान वर न करता म्हणाला, "रोवणी तोंडावर आली अन् तुले बी.ए. सुचून राहिली?"

मी म्हटलं, रोवणी दरवर्षी येते. त्यानं हातातली पेंढी आवळून बाजूला टाकली आणि म्हणाला, जा, पण बाईला सोबत ने, ऑफिसातले लोक एकटीला घुमवतात. नणंदेला आम्ही सगळे बाईच म्हणतो. त्या रोवणीसाठी माहेरी आल्याच होत्या.

प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी रोवणीतच आली. आम्ही दोघी पायाचा चिखल धुऊन एसटीत बसलो. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं; मी नेहमीच्या साडीत. पिशवीत कागद होते. मार्कशीटवर निर्मला, आधारवर सुनंदा, आणि या दोघी एकच आहेत असं सांगणारं शपथपत्र. आधारवरचा फोटो असा, की त्यात मी, बाई किंवा गावचे पोलीस पाटील, कोणीही खपून गेलं असतं. खिडकीतून कागद आत दिले आणि आम्ही बाकावर बसलो.

पोरी येत होत्या, जात होत्या. थोड्या वेळानं शिपाई दारात येऊन ओरडला, "निर्मला कौन है? जल्दी आओ, खिडकी बंद होनेवाली है."

कोणी उठेना. त्यानं पुन्हा पुकारलं. मला त्या निर्मलाचा रागच आला. कसल्या या आजकालच्या पोरी! अर्ज करून ठेवायचा आणि वेळेवर गायब! तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी बाईंना कोपरानं ढोसलं.

"बाई, तुमाले बोलावून राहिले."

बाई पदर सावरून आत गेल्या. मी 'सुनंदा' कधी पुकारतात याची वाट बघत बसले.

बाई परत आल्या त्या गळ्यात निळी फीत घालून. फितीला ओळखपत्र, त्यावर नाव माझं आणि फोटो बाईंचा. फोटोत त्या इतक्या खुशीत होत्या, की तसं मी त्यांना त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

"त्यानं नाव घेतलं, मी गेली," त्या म्हणाल्या. "फोटो काढला, सही घेतली. मले वाटलं, बायांची कोणती तरी योजना असल."

मी खिडकीकडे धावले. बाबू कुलूप शोधत होता.

"माझं ॲडमिशन?"

"कोणाचं?"

"निर्मलाचं."

"ते झालं."

"पण निर्मला मी आहे."

"मंग त्या कोण?"

"त्याही निर्मलाच."

बाबूनं कुलूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग नाव पुकारलं तं काऊन नाही उठल्या, मॅडम?"

आई गेल्यापासून मला त्या नावानं कोणी हाकच मारली नव्हती. बारावीचे पेढे वाटत गल्लीभर फिरणारी ती पोरगी मला एकदम आठवली आणि तिथंच, खिडकीचे गज धरून, मला रडू फुटलं. बाईही सोबतीला रडू लागल्या. दोन निर्मला एका सुरात रडायला लागल्यावर बाबूनं मुकाट्यानं संगणक पुन्हा चालू केला, माझा फोटो काढला आणि नवं ओळखपत्र दिलं. जुनं बाईंनी परत दिलंच नाही. त्या ते गळ्यात घालूनच रोवणीला गेल्या आणि बांधीत धान रोवणाऱ्या सगळ्या बायांना वाकून वाकून दाखवलं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी मी स्वयंपाक करताना रोज 'हजर' म्हणायचा सराव केला. पहिल्या तासाला सरांनी "निर्मला" म्हणताच मी अशी काही ओरडले की पुढच्या बाकावरची पोरगी दचकली. पण मागूनही कोणी तरी हजर म्हणालं. वर्गात आणखी एक निर्मला होती, अठरा वर्षांची. सर हसून म्हणाले, दोघींचा घोळ होईल, एकीला दुसरं काही नाव ठेवू.

मी ताडकन उठले. म्हटलं, "सर, एकदा माझं बदलून झालं. या खेपेला तिचं बदला."

ती पोरगी बिचारी समजूतदार निघाली. म्हणाली, "नाव कायले बदलता सर? यांले आपण काकू म्हणू."

संध्याकाळी घरी आले तर बाई दारातच उभ्या. कॉलेजात निर्मला म्हणूनच बोलावतात ना, असं त्यांनी विचारलं. मी खरं काय ते सांगितलं.

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि म्हणाल्या, "मंग निर्मला मीच राहिली. तू लिंबू घेऊन जात जा."