दहाव्या नावापुढची हजेरी

बाईंचं टोपणनाव ‘कशावरून’. एकतीस वर्षं त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवलं, आणि एकतीस वर्षं पोरांना याच एका शब्दानं पिडलं. कुणी म्हटलं, राजा दयाळू होता, की लगेच, “कशावरून? लिहिलं कुणी? कशासाठी?” नवरा म्हणायचा, “भाजीत मीठ कमी म्हटलं तरी ही पुरावा मागते!”

तत्त्वज्ञानाला मात्र गळती लागली. साठ मुलं, मग वीस, शेवटी दहा. दहाच्या खाली गेलं की विषय बंद, असा नियम. त्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी यायची थांबली. येईल दोन दिवसांत, म्हणून बाईंनी तिच्या नावापुढं हजेरीचा ‘ह’ मांडला. मग रोजच मांडत गेल्या.

अकराव्या दिवशी तिचे वडील ऑफिसात आले. मुलगी मावशीकडे राहायची. मावशीला वाटलं ती घरी गेली, घरच्यांना वाटलं मावशीकडे आहे.

क्लार्कनं हजेरीपट उघडला. “काका, कशाला जीव टांगणीला लावता? कालसुद्धा तासाला होती की!”

वडील मटकन खुर्चीत बसले, चक्क हसले. “म्हणजे रुसून बसली असेल मैत्रिणीकडे. उद्या फाटकावरच धरतो.” लेकीची चर्चा नको, म्हणून त्यांनी आणखी कुणाला विचारलं नाही.

बाई समोरच होत्या. दुसऱ्या दिवशी विषयाच्या हजेरीपटाची तपासणी होती. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

तपासणी पार पडली. विषय वाचला. बाई फाटकापाशी गेल्या. सकाळपासून उभं राहून वडिलांचा चेहरा उतरला होता.

“दादा, ती बारा दिवस आलेलीच नाही.”

“पण वहीत आहे ना?”

“ते मी मांडलंय.”

“मग काल का नाही बोललात, बाई?”

पोलिसांनी त्याच संध्याकाळी शोध लावला. शेजारच्या गावच्या सरकारी दवाखान्यात, अपघातातली ‘अनोळखी’ म्हणून ती बारा दिवस पडून होती. त्याच दिवशी पहाटे तिनं प्राण सोडला होता.

बाईंनी हजेरीपट मागून घेतला. बाराही ‘ह’ लाल शाईनं खोडले, प्रत्येकापुढं सही केली. खाली लिहिलं: ‘नोंद खोटी. लिहिणारी मी. विषय वाचावा म्हणून.’

मग वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या.