वाढदिवसाचा वडा

टेकडी चढून-उतरून आल्यावर पायथ्याशी आमचा सकाळचा घोळका जमतो. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं वडे आणायचे, ही इथली रीत. आज सुनंदाताईंचा होता. त्यांनी डबा उघडला आणि हात पुढे होण्याआधी सगळ्यांच्या नजरा मनगटावरच्या घड्याळाकडे वळल्या. त्यात जेवढ्या कॅलरी जळलेल्या दिसतील तेवढं खायला मोकळे, असा आमचा समज. मीही दोन महिने रोजचा नाश्ता तसाच घड्याळ बघून खाल्ला आणि वजनकाटा जागचा हलला नाही. चढलेली टेकडी पायांत ताकद होऊन मुरू द्यायची असते. मी ती रोज खाली उतरून खाऊन टाकत होते. भूक लागली आहे का, हे पोटाला विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

आज विचारलं. लागली होती. एक वडा घेतला आणि बसून चवीनं खाल्ला. दुसरा नको वाटला.

"किती जळल्या हो तुमच्या?" सुनंदाताईंनी विचारलं.

"बघितलं नाही," मी म्हणाले. "पण आज चढावरच्या मधल्या बाकावर दम खायला टेकले नाही. थेट वर गेले."

त्यांनी मान वर करून माथ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो एवढा उंच असेल असं मला चढताना वाटलं नव्हतं.