कुंपणापलीकडचं पाडस

फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी कतारमधलं दोहा शहर सगळीकडून एकदमच खोदलं गेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नवरा रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनीयर होता. काल ज्या वळणावरून घरी आलो ते आज बंद असायचं. मैत्रिणी मला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याला सांग, आमच्यासाठी एखादा तरी रस्ता शिल्लक ठेव. हे त्याला सांगितलं की तो हसायचा. त्या उन्हाळ्यानंतर मात्र हसेनासा झाला.

घरी यायचा, समोर येईल ते जेवायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही.

"काय झालंय तुला?"

"काही नाही. काम आहे खूप."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना विचारते, इथे दुखतंय की इथे, आणि लोक बोट ठेवून सांगतात. घरातल्या माणसाचं कुठे दुखतंय ते मात्र मला कळत नव्हतं. हिवाळा आला, तसा मीच त्याच्या मागे लागून सुट्टी घ्यायला लावली. मुलीला दोह्यातच अबू हमूर भागात एका वसईच्या मैत्रिणीकडे सोडलं आणि आम्ही दुखानच्या रस्त्याला लागलो.

तिकडे पश्चिमेला वाळवंटातलं मोठं अभयारण्य आहे. अरण्य म्हणावं असं तिथे काहीच नाही. वाऱ्यानं कोरलेले चुनखडीचे पांढरे सुळके, खुरटी झुडपं आणि तारेचं लांबच लांब कुंपण. कुंपणाबाहेर थोड्या अंतरावर आमचा कॅम्प होता. तंबू म्हणायचा, पण आत गालिचा, पितळी नळांचा बाथटब आणि छताला झुंबर.

"तंबूत झुंबर," तो म्हणाला. एवढंच. मग पलंगाच्या कडेला बूट न काढता बसून राहिला. मी चहा केला, घरून आणलेला चिवडा काढला. त्यानं एक घास खाल्ला. एवढी दूर मी त्याला घेऊन आले होते आणि आता पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

दुपारी म्हटलं, चल, पाय मोकळे करू. कुंपणाच्या कडेकडेनं चालत निघालो. बरंच पुढे गेल्यावर आत काहीतरी नारिंगी हलताना दिसलं. मला वाटलं पिशवी अडकलीय. जवळ गेलो तर हरणाचं पाडस होतं, वाळूच्याच रंगाचं. त्याच्या मानेला आणि पुढच्या पायाला प्लास्टिकची नारिंगी जाळी गुंडाळली होती आणि जाळीचं दुसरं टोक एका झुडपात अडकलं होतं. पलीकडे चढावर त्याची आई उभी होती. जवळ येत नव्हती आणि जातही नव्हती.

"ही आमची जाळी," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

"खड्ड्यांभोवती लावतो आम्ही. वाऱ्यानं उडून येते."

तो तारेला धरून उभा राहिला. कुंपण उंच होतं. आम्ही एक पाऊल पुढे टाकलं की पाडस उडी मारायचं आणि जाळी आणखी आवळली जायची. मागे सरलो की थांबायचं, पोट वरखाली होत राहायचं. त्याच्यासाठी आम्हाला करता येण्यासारखं एकच होतं, दूर जाणं.

मी कॅम्पवर फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि अभयारण्याच्या लोकांना कळवते म्हणाली. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. आज शुक्रवार, सुट्टी आहे मॅडम, पण गाडी पाठवतायत, इन्शाल्ला. तुम्ही आत जाऊ नका.

आम्ही दूर एका खडकाच्या सावलीत जाऊन बसलो. तिथून पाडस दिसत होतं. मग तो पाडसाकडे बघतच बोलायला लागला.

"ऑगस्टमध्ये आमच्या एका माणसाला गाडीनं उडवलं. गाड्या वळवायला झेंडा घेऊन उभा होता, वळणावर. नांदेडकडचा होता."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाहत नव्हता.

"हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं असतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हात लावायचा नाही. बरोबरच आहे ते. मी छत्री धरून उभा होतो त्याच्यावर. पाणी मागत होता, तेही द्यायचं नव्हतं. आणि ॲम्ब्युलन्सला रस्ता सापडेना. आम्हीच बंद केलेले सगळे. मी फोनवर सांगतोय, इकडून या, नाही, ते बंद आहे, तिकडून या."

"शुद्धीवर होता?"

"पूर्ण. मला मराठीत म्हणाला, सायब, माजा पाय हाय का बगा."

माझ्या तोंडाशी प्रश्न आले होते. कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रक्त किती गेलं. मी एकही विचारला नाही.

"मी म्हटलं, आहे. आहे की. मी खाली बघितलंच नव्हतं. मान वळेना माझी."

नंतर त्या माणसाला हॉस्पिटलमधून परस्पर गावी पाठवलं होतं. नवऱ्यानं त्याचा इथला नंबर लावला, तो बंद होता. गावचा नंबर कुणाकडेच नव्हता. ऑफिसात विचारलं तर सांगितलं, ते प्रकरण मिटलं, खलास. मग नवऱ्याला त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर नेमलं आणि तो कामाला गेला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी झाली होती. अशा पाठी मी रोज सैल करते. पण तो माझा हात आहे हे त्याला जाणवत होतं की नाही, कोण जाणे.

उन्हं उतरली तेव्हा गाडी आली. दोन माणसं उतरली. एकाच्या हातात चादर होती. ते फार हळू, वाकून पुढे गेले. अगदी जवळ पोचले आणि पाडसानं अशी काही उसळी मारली की झुडूपच मुळासकट उपटलं. जाळी आणि झुडूप ओढत ते चढावरून पळालं. आईही पळाली. माणसं गाडीत बसून त्यांच्या मागे गेली. चढापलीकडे धूळ उडाली, मग तीही बसली. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो, पण गाडी त्या बाजूनं परत आली नाही.

सकाळी मी रिसेप्शनवर गेले. कालच्या मुलीची ड्युटी संपली होती. नव्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. त्यानं माझ्यासमोर फोन लावला, पण कुणी उचलला नाही. विचारून तुम्हाला मेसेज करतो, असं तो अगदी मनापासून म्हणाला. मेसेज आला नाही.

तंबूत परत आले तेव्हा नवरा झोपला होता, रात्री पडला होता तसाच, शर्टपँटवर. अशी गाढ झोप त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. म्हणजे त्याला बरं वाटत होतं, की तो नुसता थकला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर तो मोकळा बोलायला लागला, असंही काही झालं नाही.

त्या दिवशी तंबू रिकामा करायची वेळ झाली, तसा रिसेप्शनवरचा तो मुलगा दाराशी येऊन खाकरला. मी बाहेर गेले आणि पडदा मागे ओढून घेतला.

"झोपलेत," मी म्हटलं. "थोडं थांबता येईल का?"

तो म्हणाला, हो, थांबा. मी बाहेर खुर्ची घेऊन बसले.