ह्यो नळ कुणाचा?

पाणी प्यायच्या आधी भागुजी एक प्रश्न हमखास विचारायचा, ‘ह्यो नळ कुणाचा?’ आमच्या अख्ख्या तालुक्यात तेव्हा नळ नव्हता. बायकोनं मडक्यातून तांब्या भरून दिला तरी विचारायचा, आणि ती न हसता सांगायची, ‘तुमचाच.’ मग तो घटाघट प्यायचा.

भागुजी आमच्या गावच्या महारवाड्यातला. गाव अणदूरपासून दोन कोसांवर. वयानं तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा; तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मालक म्हणायचा. मी कुलकर्ण्यांचा मुलगा होतो, एवढंच माझं कर्तृत्व. जपानशी लढाई चालू होती त्या दिवसांत तो सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाला आणि आसामात रस्ता बांधायला गेला. परत आला तो खाकी कोट, मोठे बूट आणि जिमरावाच्या गोष्टी घेऊन.

जिमराव म्हणजे अमेरिकेचा काळा शिपाई. दोघांचं बोलणं अर्धं मोडक्या हिंदुस्थानीत, अर्धं हातवाऱ्यांनी. आसामातल्या त्या छावणीत नळ दोन. एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. शिपाई मात्र सगळे एकाच सरकारचे. पहिल्या दिवशी भागुजी दोन्ही नळांपासून लांब, ओंजळ धरून उभा राहिला, कुणीतरी वरून ओतील म्हणून. जिमरावानं त्याला दंडाला धरून आपल्या नळाखाली नेलं. ‘जन्मात पैल्यांदा कुणी मला आपल्या पाण्यावर बलवलं,’ भागुजी सांगायचा, ‘त्येबी अमेरिकेच्या म्हारानं.’

मी उस्मानाबादेत शिकून आलेलो. माणसं एकत्र येऊन एकमेकांना वचन देतात, त्या मुआहिद्यातून, म्हणजे करारातून, राज्य उभं राहतं, असं मास्तरांनी शिकवलेलं. अमेरिकेनं तर सगळी माणसं समान असं लिहूनच ठेवलंय. हे मी भागुजीला चावडीच्या ओट्यावर बसून समजावलं. तो खाली उभा होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘जिमराव बी सांगायचा त्या कागदाचं. म्या इचारलं, मग नळ दोन का? तर म्हणला, लिवणारे त्या दुसऱ्या नळाचे व्हते.’

मग निजामाचं शेवटचं वर्ष आलं. कोण कधी चालून येईल सांगता येत नव्हतं, गाव घाबरलं होतं. वेशीवर पहारा ठेवायचं ठरलं. तो वेशीबाहेर राहणाऱ्यांनी करायचा, हे ठरायला फार वेळ लागला नाही. पलटणीतला म्हणून भागुजीला बोलावलं. तो म्हणाला, करतो. पण पहारा सरला की गावविहिरीवर आमच्या बाया पाणी भरतील. आणि तोंडी नको, कागद करा. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. भीती मोठी होती, हो म्हणाले. कागद मी लिहिला. पाच पंचांच्या सह्या झाल्या. भागुजीनं चक्क इंग्रजीत सही केली, जिमरावानं शिकवलेली. त्यानं नक्कल मागितली, तेव्हा मी दुखावलो. म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही का? कागद माझ्याकडेच राहिला.

त्याच्या माणसांनी वेस राखली. गावाला धक्का लागला नाही. पुढं फौज आली, निजामी संपली, चावडीवर झेंडा लागला. आम्ही पेढे वाटले. महारवाड्यालाही दिले, वरून टाकून.

तिसऱ्या दिवशी भागुजी कोट-बूट घालून विहिरीवर आला. मागं घागरी घेतलेल्या बाया. पाटील आडवे झाले. कसला कागद, म्हणाले, आणि माझ्याकडे वळले, ‘काय हो कुलकर्णी, असा काही कागद झालाय?’

कागद माझ्या ट्रंकेत होता. मला पाठ होता. पाचही पंच माझ्याकडे पाहत होते. त्यांत माझे वडील होते. मी म्हणालो, ‘माझ्या तरी आठवणीत नाही.’

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

भागुजी चिडला नाही. बायांना मागं फिरायची खूण केली. मग म्हणाला, ‘असू द्या मालक. तुमचा नळ कंचा, त्ये आज कळलं.’ बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. महिन्याभरात तो बायकोला आणि मुलीला घेऊन सोलापूरला निघून गेला, गिरणीत.

मी पुढं मास्तर झालो. नागरिकशास्त्र शिकवतो. समानतेचा धडा मी विशेष चांगला घेतो, असा तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा आहे.

गेल्या वर्षी कागद घेऊन सोलापूरला गेलो. भागुजी वारला होता. मुलगी भेटली, तीही शाळेत शिकवते. तिनं कागद वाचला, बापाच्या सहीवरून बोट फिरवलं. म्हणाली, बाबा शेवटपर्यंत सांगायचे, कागद झालाय म्हणून. आम्हीच म्हणायचो, बाबांना भास होतात. मग तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवली. ‘मला नको. जिथं त्यांना खोटं पाडलंत, तिथं वाचून दाखवा.’

त्यानंतर मी चारदा गावाला गेलो. दर वेळी कागद खिशात होता. विहीर आता बुजलीय, गावात पाण्याची टाकी झालीय. तिला नळ दोन. एक वेशीच्या आत, एक बाहेर. मागच्या खेपेला चावडीपर्यंत गेलो. पाटलांचा मुलगा ओट्यावर बसला होता, या मास्तर म्हणाला. मला तहान लागली होती. कागद भिजू नये म्हणून एका हातानं खिसा दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं आतल्या नळाचं पाणी प्यालो.