अर्जदाराने समक्ष हजर राहावे

“खोका,” डॉक्टर म्हणाले.

मला खोकला नाही, जांघेत गाठ आहे, असं मी सांगितलं. तरी खोका, म्हणाले. मी खोकलो. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं, पुन्हा खोकायला लावलं आणि हात धुताधुता एवढंच म्हणाले, “हर्निया आहे. ऑपरेशन करून घ्या.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हर्निया म्हणजे पोटाची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. उभं राहिलं की गाठ दिसते, आडवं झालं की आत जाते. आपल्याला वाटतं, गेली. मी दीड वर्ष असंच वाटून घेतलं. कुंभारीहून सोलापूरला रोज सायकलनं यायचो. गाठ दुखली की उतरायचो आणि कुणी पाहू नये म्हणून चेन बघितल्यासारखं करायचो. डॉक्टरांनी सांगितलं, आतडं तिथं अडकलं आणि त्याचा रक्तपुरवठा थांबला तर जिवावर बेततं. त्याला ते स्ट्रँग्युलेशन म्हणाले. शब्द मला उच्चारता येईना, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

ऑपरेशन म्हणजे आठ-दहा दिवस दवाखाना आणि नंतर दोन महिने घरी. माझी रजा संपलेली, त्यामुळे सगळे दिवस बिनपगारी. घरात बायको इरव्वा, तीन मुलं आणि आई.

मी चादरींच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्याकडे कामगारांचा अडचण निधी होता. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून थोडं जमा व्हायचं आणि कुणाच्या घरी आजारपण आलं की त्यातून मदत मिळायची. मग अडचण कुठं होती? निधीचा चिटणीस मीच होतो. अर्जही मीच तयार केलेला, चांगला चार पानी. त्यात घरात भांडी किती, हेसुद्धा विचारलं होतं. खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला भरलेले रकाने बघायला आवडायचं.

असा माणूस स्वतः हात कसा पसरणार? अक्कलकोटला नवस फेडायला जातो असं कारखान्यात सांगून मी गुपचूप दवाखान्यात भरती झालो.

ऑपरेशन स्पायनलखाली झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. माणूस जागाच असतो. टेबलावर झोपवलं तेव्हा मी सगळ्या देवांची नावं घेतली, घाईत काही दोनदा घेतली. पण डॉक्टर आणि सिस्टर आपसात, रॉकेल कुठल्या दुकानात आलंय, ते बोलत होते. माझं लक्ष तिकडं गेलं आणि भीती पळाली. बाहेर आल्यावर पहिलं मी इरव्वाला त्या दुकानाचं नाव सांगितलं. तिनं डबा भरून आणला.

डॉक्टरांनी बजावलं, खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि हसायचं नाही. आलंच तर टाक्यांवर उशी दाबून धरायची. ही उशीची युक्ती लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी घरातली ज्वारी संपली. इरव्वा मला न विचारता कारखान्याच्या गेटावर गेली. तिला शब्द आठवेना. “ह्यांचं हार्मोनियाचं आप्रेशन झालंय,” तिनं सांगितलं. दुपारपर्यंत कारखानाभर झालं की टाइमकीपर देवाला गेले, भजनात बसले आणि पेटी उचलताना पडले.

चारला भेटायची वेळ सुरू झाली आणि दोघं जण माझ्या खाटेपाशी आले. एक कांबळे मास्तर, आमचे जॉबर म्हणजे मागांवरचे मुकादम, आणि निधीचे अध्यक्ष. दुसरा विणकर नरसय्या, समितीचा सभासद. त्याच्या हातात चार पानी अर्ज होता.

“नियम आठ,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “अर्जदाराने समितीपुढे समक्ष हजर राहावे. तुमाला येता येईना, म्हणून समितीच आली. हजर हाय न्हवं?”

मी मान हलवली. नरसय्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, “हजर, पण आडवे.”

मी उशी घेतली.

मग ते एकेक प्रश्न विचारू लागले. भांड्यांचा प्रश्न आला तशी इरव्वा बोटं मोजायला लागली. एक कळशी नणंदेकडं दुधनीला आहे, ती धरायची का, असं तिनं विचारलं. मास्तरांनी विचार करून सांगितलं की कळशी परत येणार असेल तर धरू. व्यसनांच्या रकान्याला मी नाही म्हणालो. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे आजोबा बोलले की सकाळी ह्यांनी माझीच तंबाखू घेतली. सगळा वॉर्ड हसला. मी उशी दाबून डोळ्यांतून पाणी काढत होतो.

शेवटच्या पानावर चिटणिसाचा शेरा होता. नरसय्यानं माझ्या हातात पेन दिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “माझी बायको टायफॉइडनं हितंच पडली होती. सही रकान्याबाहेर गेली म्हणून तुमी मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी गेटाबाहेर बसून रडलो. तुमचा कागद मी आजच पुढं नेतो, काळजी करू नका.”

त्यानंतर मला उशी लागली नाही. सही केली, तीही रकान्याबाहेर गेली. नरसय्यानं कागद तसाच घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मदत इरव्वाच्या हातात पडली. टाके निघाले, मी घरी आलो. तुमच्यापैकी कुणाला गाठ असेल तर दाखवा, आणि मदत मिळत असेल तर मागा. लाज धरून मी दीड वर्ष नुसतं दुखणं वाढवलं.

बरा झाल्यावर मी नरसय्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोची माफी मागायची म्हणून वाक्य पाठ केलं होतं. पण मला पाहताच तिनं पाट मांडला, चहा ठेवला आणि मला बोलूच दिलं नाही. “तुमी एका खेपेत पैसे दिले म्हणून औषध टायमाला आलं. हे सांगत असतात की,” ती म्हणाली.

मी नरसय्याकडं पाहिलं. तो घरातल्या हातमागावरचा एक तुटलेला धागा जोडत होता आणि त्यानं मान वर केली नाही.

पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर कारखान्यात गेलो आणि अर्जाची तीन पानं फाडली. उरलेल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं, पेशंट आता कसा आहे?